लाल ओकच्या जमिनीला पांढुरका हात: घरच्या घरी जमेल का?

दवबिंदू
नमस्कार मंडळी,
न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय, १९५३ साली बांधलेलं. हॉल आणि वरच्या बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट होतं. ते उचकटलं तर खाली सगळीकडे ओकची जमीन निघाली. सव्वादोन इंच रुंदीच्या पट्ट्या, जागच्या जागी पक्क्या. पण वरचं वॉर्निश नारिंगी पडलंय, आणि कडेकडेने कार्पेटच्या खिळेपट्टीची भोकं आहेत. एका कोपऱ्यात काळा डाग आहे, आधीच्या लोकांकडे कुत्रा होता म्हणे.

हॉल उत्तरेकडचा आहे, दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. म्हणून जमीन फिकी, पांढुरकी करायची इच्छा आहे. रंगाचा थर नकोय. रेषा दिसायला हव्यात, वरून नुसती दुधी झाक. एका व्हिडिओत बाई भिंतीचा पांढरा रंग पाण्यात निम्मानिम्मा करून फडक्याने पुसत गेली आणि दुपारपर्यंत खोली तयार! इतकं सोपं असतं का? नवऱ्याचं म्हणणं, सरळ पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा पारदर्शक थर) मारा आणि मोकळे व्हा. घरात रांगतं बाळ आहे, हेही लक्षात घेऊन सांगा.

भोचक_भवानी
फोटो टाका आधी. फोटोशिवाय सल्ला म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त.

अण्णा_ओहायो
ओक आहे हे कळलं. लाल की पांढरा? सगळा खेळ तिथेच आहे. लाल ओकमध्ये गुलाबी झाक असते. त्यावर पांढरं पुसलं की गुलाबी अजून उठून दिसतं, काही घरांत तर थेट कच्च्या कोळंबीचा रंग येतो. पांढऱ्या ओकला हा त्रास कमी, पण त्याच्यात टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भरपूर. पाण्याचं फिनिश (लाकडावरचा शेवटचा संरक्षक थर) लावलं की ते वर येतं आणि पिवळट-तपकिरी ढग उमटतात.

ओळखायला भिंतीतल्या कपाटाच्या आतल्या जमिनीचा हातभर तुकडा घासा. रेषेच्या दिशेने बारीक गडद काड्या दिसतील. त्या बहुतेक आखूड, अर्ध्या-पाऊण इंचाच्या असतील तर लाल. लांबलचक असतील तर पांढरा.

दवबिंदू
घासून पाहिलं. काड्या आखूड आहेत, आणि ओलं फडकं फिरवल्यावर लाकूड चक्क गुलाबी दिसलं. म्हणजे लालच. आता?

सुतारपक्षी
दवबिंदू, जरा सविस्तर लिहितो. माझा धंदा हा नाही, हौस आहे. पण स्वतःच्या आणि मित्रांच्या घरच्या बऱ्याच जमिनी घासल्यात.

सगळ्यात आधी शिसं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. तुमचं घर त्याआधीचं. नुसत्या रंगातच नाही, जुन्या वॉर्निशमध्येही शिसं असू शकतं, आणि यंत्राने घासलं की ते धूळ होऊन घरभर बसतं. रांगणाऱ्या बाळाचे हात दर मिनिटाला तोंडात असतात. तेव्हा खरवडलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवाल हातात आल्याशिवाय घासण्याचं यंत्र भाड्याने आणू नका. शिसं निघालं तर हे काम त्यासाठीचं प्रमाणपत्र असलेल्या माणसालाच द्या. इथे काटकसर नको.

दुसरं, जाडी. या पट्ट्या मुळात पाऊण इंच जाड असतात, पण वापरता येतं ते फक्त पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या खाचेच्या वरचं लाकूड, नव्या पट्टीत साधारण पाव इंच. आधी किती वेळा घासलंय कोण जाणे. जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीचं झाकण उचला, पट्टीची कड उघडी दिसते. खाचेवर नीट जाडी उरली असेल तर पुढे चला. मध्येच खिळ्यांची डोकी दिसायला लागली असतील तर या जमिनीचं घासण्याचं आयुष्य संपत आलंय.

आता घासणं. लोकांना वाटतं की पांढरं लावणं हे कौशल्याचं काम. नाही. सगळं कौशल्य घासण्यात जातं, पांढरा रंग फक्त तुमच्या घासण्याची चहाडी करतो. ड्रम सँडर (फिरत्या रुळाचं घासण्याचं यंत्र) एका जागी क्षणभर थांबला की खळगा पडतो. साध्या पारदर्शक फिनिशखाली तो खपून जाईल, पांढऱ्याखाली नाही. ओरखड्यात पांढरं भरतं आणि प्रत्येक चुकीची रेघ ठळक होते. ४० नंबरच्या भरड पॉलिश पेपरने सुरुवात केली तर मग ६०, ८० आणि शेवटी १०० असं क्रमाने जायचं, मधला नंबर गाळायचा नाही. भिंतीलगत एजर (कडा घासायचं छोटं यंत्र) लागतो, त्याचे गोल ओरखडे शेवटी हाताने किंवा बफरने (गोल चकतीच्या यंत्राने) काढावे लागतात. कंबर जाते, सांगून ठेवतो.

घासून झाल्यावर व्हॅक्यूम करून जमीन स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने सारखी ओली करायची आणि पूर्ण वाळू द्यायची. पाण्याने लाकडाचे तंतू उठतात, छिद्रं उघडतात आणि रंग सगळीकडे सारखा पितो. पण ही ओल एकसारखी हवी. पाण्याचा एक थेंब वेगळा पडला तर त्याचा ठिपका रंगातही दिसतो.

तुमच्या व्हिडिओतल्या बाईबद्दल. भिंतीचा रंग पातळ करून टेबलावर, खुर्चीवर पुसायला हरकत नाही. जमिनीवर मी करणार नाही. तो फार लवकर सुकतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिली कड वाळते आणि जोडाची पट्टी कायमची दिसत राहते. शिवाय जिथे थर जाड राहिला तिथे वरचं फिनिश लाकडाला न धरता रंगाला धरतं आणि पुढे पापुद्रे निघतात. त्यापेक्षा जमिनीसाठीचा पांढरा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) घ्या, किंवा पांढरं द्रव्य घातलेला पाण्यातला सीलर (फिनिशखालचा पहिला थर). बोना कंपनीचा नॉर्डिकसील हा असा एक. तीन-चार पट्ट्या घ्यायच्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत त्याच पट्ट्यांवर सलग जायचं, मध्ये थांबायचं नाही. एकाने लावायचं, दुसऱ्याने मागोमाग पुसायचं. नवऱ्याला त्या दिवशी कामाला लावा, मत नंतर विचारा.

वरचं फिनिश पाण्यातलंच हवं. तेलातलं पॉलियुरेथेन वर्षागणिक पिवळं पडतं. तुमच्या जमिनीचा आत्ताचा नारिंगी रंगही बराचसा जुन्या फिनिशचाच आहे. पांढऱ्यावर ते लावलं तर लवकरच साय धरल्यासारखं दिसेल. दोन भाग मिसळून लावायचं, हार्डनरवालं फिनिश महाग असतं पण टिकतं. मिसळल्यावर काही तासांत संपवावं लागतं, म्हणून लागेल तेवढंच कालवा. चमक मॅटच घ्या. पांढऱ्यावर चकाकी फार वाईट दिसते, हे माझं मत.

तिरफळ
एक बाळबोध प्रश्न. आपल्याकडे भिंतीला चुना देतात तसा भिजवलेला चुनाच पातळ करून लाकडावर का नाही पुसायचा? स्वस्त, वासही नाही.

सुतारपक्षी
बाळबोध अजिबात नाही. युरोपात ओकच्या लाकडाला पूर्वी चुनाच चोळत. रेषांमध्ये चुना अडकून पांढऱ्या शिरा दिसत, त्यावर मेण. हल्ली पांढरं मेण मिळतं ते त्याच धर्तीचं. पण पायाखालच्या जमिनीला दोन अडचणी. चुना लाकडाला घट्ट धरत नाही, पावडर होऊन पायाला लागत राहतो. आणि चुना अल्कधर्मी. टॅनिन असलेल्या लाकडावर ओला चुना लावला की लाकूड काळवंडतं, म्हणजे पांढरं करायला जाऊन तपकिरी. खोलवरच्या रेषांत पांढरं आणि बाकी गडद हवं असेल तर छान दिसतं. दवबिंदूंना नेमकं उलटं हवंय.

उत्तरवारा
डेन्मार्कहून लिहितोय. इथे पांढुरकी जमीन ही फॅशन नाही, घरोघरची रीत आहे. हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार पडतो, त्यामुळे जे काही उजेड परत फेकेल ते हवंच असतं. आम्ही कोपनहेगनमध्ये जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. रुंद पाइनच्या फळ्या, वर वॉर्निश नाहीच.

पद्धत अशी: घासलेल्या कोऱ्या लाकडाला आधी लाय लावायची, म्हणजे अल्कधर्मी द्रावण. त्यात बहुतेक वेळा थोडं पांढरं द्रव्य घातलेलं असतं. पाइन उन्हाने पिवळा पडतो, लायमुळे ते पिवळेपण रोखलं जातं. ती वाळली की साबण. साबणाच्या पांढऱ्या चुऱ्याचं कोमट पाण्यातलं द्रावण फळ्यांवर लावायचं, मुरू द्यायचं, वरचं जास्तीचं पुसून घ्यायचं. असे काही हात दिले की लाकडात साबण मुरतो. नंतर दर वेळची पुसणीही त्याच साबणाने, त्यामुळे वापरत जाल तशी जमीन आणखी पांढुरकी आणि मऊ होत जाते. पायाला जे वाटतं ते वॉर्निशवर कधी वाटणार नाही.

तोटा उघड आहे. वर प्लास्टिकचा थर नाही, म्हणून जे सांडेल ते लगेच पुसावं लागतं. कॉफी, रेड वाइन, तेल. डाग पडलाच तर तेवढाच भाग घासून पुन्हा साबण द्यायचा. अख्खी खोली काढावी लागत नाही, हा मोठा फायदा. आणि ओकसाठी लाय घ्यायची तर ओकचीच, पाइनची नाही. टॅनिनमुळे दोघांची वागणूक वेगळी.

भोचक_भवानी
आणि हळद? वरणाची वाटी उपडी झाली तर? रांगतं बाळ आहे म्हणतायत बाई.

उत्तरवारा
हा हा, अनुभव आहे. हळद पिवळीही राहत नाही. साबण अल्कधर्मी, त्यामुळे डागावर साबणाचं फडकं फिरवलं की तो लालभडक होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेच रसायन. बायकोने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला वाटलं कोणाला तरी लागलं. पण घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. डाग खिडकीजवळ असेल तर काही दिवसांत आपोआप फिका पडतो. उत्तरेच्या हॉलमध्ये ऊन येत नसेल तर मात्र कठीण.

दवबिंदू
साबणाची जमीन वाचून मोह झाला, पण आमच्याकडे आठवड्यातून तीनदा तरी वरण सांडतं. बाद.

अण्णा_ओहायो
मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. हॉल काळोखा आहे म्हणून जमीन पांढरी करणं म्हणजे शेवटचं काम आधी करणं. आधी भिंतीचा रंग बघा, बल्ब बघा. २७०० केल्विनचे (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या रंगाचं माप) पिवळे दिवे असतील तर तुमची दुधी जमीन रात्री साजूक तुपाची दिसेल. नुसतं जुनं नारिंगी फिनिश काढून लाल ओकवर पाण्याचं पारदर्शक फिनिश दिलं तरी खोली किती उजळते ते आधी पाहा. पांढरी जमीन पुढच्या माणसाला घर विकताना आवडेलच असं नाही, आणि परत घासायला पट्टीत लाकूड उरलेलं असेलच असंही नाही.

शिवाय न्यू जर्सीचा हिवाळा. हीटिंग चालू झालं की घरातली हवा कोरडी होते, पट्ट्या आकसतात आणि फटी पडतात. साध्या जमिनीवर त्या दिसतच नाहीत. पांढऱ्या जमिनीवर प्रत्येक पट्टीशेजारी काळी रेघ येते, उन्हाळ्यात जाते, पुन्हा येते. फटीत लांबी भरून उपयोग नाही, पुढच्या ऋतूत ती तडकून बाहेर येते. ह्युमिडिफायर लावून घरातली आर्द्रता ३५ ते ५५ टक्क्यांत ठेवलीत तर बरंच सुसह्य होतं.

सुतारपक्षी
अण्णा, फटींचा आणि बल्बचा मुद्दा सोळा आणे खरा. पण पारदर्शक फिनिशने लाल ओकचा गुलाबीपणा झाकत नाही, आणि दवबिंदूंची मुख्य तक्रार तीच होणार आहे. गुलाबी मारायचे दोन मार्ग. पांढऱ्या स्टेनमध्ये किंचित हिरवट किंवा राखाडी छटा मिसळायची. लालाला हिरवा खातो. किंचित म्हणजे खरंच किंचित, नाहीतर जमीन आजारी दिसते. दुसरा मार्ग ब्लीच. कपड्यांचं नव्हे, लाकडाचं दोन बाटल्यांचं: एकात कॉस्टिक सोडा, दुसऱ्यात तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड. यानेच लाकडाचा मूळ रंग जातो, लाल ओक गवती-फिका होतो. पण कातडी आणि डोळे जाळणारी रसायनं आहेत. हातमोजे, गॉगल, उघड्या खिडक्या, आणि बाळ दुसऱ्या घरी. नंतर पातळ व्हिनेगरने उतारा देऊन पाण्याने पुसायचं, पुरतं वाळू द्यायचं. वरचे तंतू कमजोर होतात, त्यामुळे हलक्या हाताने पुन्हा घासावं लागतं.

कोपऱ्यातल्या काळ्या डागाला हे ब्लीच नाही, ऑक्झॅलिक आम्ल. लोखंड आणि टॅनिन मिळून झालेला काळा डाग त्याने निघतो. कुत्र्याच्या मुताचा जुना डाग खोलवर गेलेला असतो, तो बहुधा पूर्ण जात नाही. तिथल्या पट्ट्याच बदला. पांढऱ्याने डाग झाकला जाईल ही आशा सोडा, उलट भोवती फिकं झाल्यावर तो जास्त बोलतो.

कडीपाट
धागा वाचून राहवेना. आमचं घर मालवणजवळ. माडीवर फळ्यांची जमीन आहे, काही साग, काही फणस. आजोबांच्या काळापासून वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचं तेल द्यायचे, आता पार काळी झालीय. होमस्टे करायचा विचार आहे. मुंबईच्या एका डिझायनरने सांगितलं, पांढरी वॉश करू, फोटोत छान दिसेल. गावातला सुतार म्हणतो रंधा मारून देतो. काय करावं?

सुतारपक्षी
कडीपाट, हात जोडून सांगतो, नका करू. ते तेल फळीत खोल मुरलेलं आहे. वरचा काळा थर काढला तरी खालून तपकिरी झाक येणार आणि त्यावरचं पांढरं मळकट दिसणार. शिवाय काजूच्या टरफलाचं तेल अंगावर फोड आणतं, हे तुम्हा कोकणातल्यांना मी काय सांगणार. त्याची धूळ यंत्राने उडवायची म्हणजे सुताराच्या आणि घरच्यांच्या डोळ्या-नाकाशी खेळ. सागाचंही स्वतःचं तेल असतं, पाण्याची फिनिशं त्यावर नीट धरत नाहीत, आधी थिनरने पुसून घ्यावं लागतं.

तिरफळ
आणि रंधा मारून शंभर वर्षांची झळाळी भुशात घालवायची? पर्यटक मालवणात काळ्याभोर फळ्या बघायला येतात, पांढऱ्या त्यांच्या फ्लॅटात आहेत. कडीपाट, भिंतीला चुना काढा आणि खाली हवेशीर पांढऱ्या चादरी घाला, फोटो येतील.

कडीपाट
पटलं. डिझायनरला धाग्याची लिंक पाठवतो.

दवबिंदू
बरेच दिवसांनी लिहितेय. शिशाचा अहवाल आला, निर्धोक निघालं. जाळीखालून पट्टीची कड पाहिली, जाडी भरपूर आहे. मग कपाटाची जमीन घासून तिच्यावर नमुने केले: नुसता पांढरा स्टेन, पांढऱ्यात हिरवट थेंब, पांढरा सीलर, आणि एक पट्टा ब्लीच करून त्यावर सीलर. सुतारपक्षींच्या सांगण्यावरून प्रत्येक पट्ट्यावर शेवटचं मॅट फिनिशही दिलं. त्याने फार फरक पडला. ओला असताना जो पट्टा आवडला होता, तो फिनिशखाली वेगळाच निघाला.

नुसता पांढरा: अण्णांची कोळंबी, शंभर टक्के. हिरवट थेंबवाला दिवसा सुंदर, रात्री दिव्याखाली राखाडी. ब्लीचवाला सगळ्यात देखणा, पण अख्ख्या हॉलभर ती रसायनं वापरायची माझी हिंमत नाही. आणि हॉलमधले पिवळे बल्ब बदलून ४००० केल्विनचे लावले, तर निम्मी तक्रार तिथेच संपली. अण्णा, हे वाचून फार खूश होऊ नका.

तर ठरलं असं: हॉलला पारदर्शक पाण्याचं मॅट फिनिश, गुलाबी तर गुलाबी. वरच्या आमच्या बेडरूमला हिरवट थेंबवाला पांढरा, कारण तिथे दिवसा ऊन येतं आणि वरण येत नाही. घासायला माणूस लावला, रंग आणि फिनिश आम्ही दोघांनी. घासणाऱ्याने संध्याकाळी लाकडाच्या धुळीची पिशवी गॅरेजमध्ये टेकवून ठेवली होती. नवऱ्याने ओढून बाहेर अंगणात काढली.

सुतारपक्षी
शाबास त्यांना. जुन्या फिनिशची धूळ पिशवीत दाबून राहिली की आपोआप तापून पेटू शकते. जवसाच्या तेलाच्या फडक्यांचंही तेच. धूळ रोजच्या रोज बाहेर, फडकी पाण्याच्या डब्यात किंवा एकेक सुटी पसरून वाळवायची.

भोचक_भवानी
अजून फोटो नाही.

दवबिंदू
टाकते, टाकते. एक शंका राहिली: रोज ओलं पोतेरं फिरवायची सवय आहे, इथे चालेल का? आणि गालिचा कधी घालू?

सुतारपक्षी
पोतेरं नको. फडकं घट्ट पिळून, नुसतं दमट. व्हिनेगर नको, फिनाईल नको, स्टीम मॉप तर अजिबात नको. चोवीस तासांनी मोजे घालून चाला, सामान उचलून ठेवा, ओढू नका. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा आणि त्या अधूनमधून बदला, त्यात अडकलेला खडाच जास्त ओरखडे काढतो. गालिच्यासाठी डब्यावर लिहिलेली मुदत पाळा, साधारण आठवडा ते दोन आठवडे. आणि गालिच्याखाली रबरी जाळी घालणार असाल तर लाकडी जमिनीला चालणारीच बघून घ्या, स्वस्तातल्या जाळीचे पिवळे चौकोन पांढऱ्यावर उमटतात.